न्यू जर्सीत कन्सील्ड कॅरी: ब्रुएन निकालानंतरही एवढ्या अटी का, आणि ग्रीन कार्डवाल्याने काय सांभाळायचं?

एडिसनचा_दुकानदार

नमस्कार मंडळी. मुक्काम एडिसन, ग्रीन कार्ड आहे, स्वतःचं छोटं दुकान आहे. रात्री गल्ला घेऊन एकट्याने निघावं लागतं म्हणून पिस्तूल कपड्यांखाली जवळ बाळगायचं (कन्सील्ड कॅरी) परमिट काढायचा विचार आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर परमिट नाकारताच येत नाही असं ऐकलं होतं. प्रत्यक्षात चौकशी केली तर फी, प्रशिक्षण, चार ओळखीची माणसं, आणि वर कुठे कुठे न्यायचं नाही याची लांबच लांब यादी. सुप्रीम कोर्टाने हक्क मान्य केल्यावर राज्य एवढं अडवू शकतं का? त्याविरुद्ध आपण काय करू शकतो?

आणखी काही गोष्टी. मेहुणा एच-वन-बी वर आहे आणि आमच्याकडेच राहतो. उन्हाळ्यात आईवडील व्हिजिटर व्हिसावर येतील, वडिलांना एकदा नेमबाजीच्या रेंजवर न्यायचं मनात आहे. दर पंधरा दिवसांनी माल आणायला फिलाडेल्फियाला जातो, कधीमधी न्यूयॉर्कलाही. जाणकारांनी सांगावं. "बंदूक कशाला हवी" हा वाद कृपया दुसरीकडे.

प्लेन्सबरो_पंत

परमिटचं नंतर बघा, आधी मेहुण्याचं बघा. सगळ्यात मोठा खड्डा तिथे आहे.

फेडरल कायद्याचं कलम ९२२(जी)(५) सांगतं की नॉन-इमिग्रंट व्हिसावर देशात आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवायचं नाही. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर, बी-टू (व्हिजिटर) सगळे त्यात आले. शिक्षा कमाल १५ वर्षं. आधी १० होती, २०२२ मध्ये वाढवली. आणि "ताबा" म्हणजे मालकी नव्हे. रेंजवर भाड्याचं पिस्तूल दहा मिनिटं हातात धरलं तरी ताबा झाला. हे माहीत असून तुम्ही त्याच्या हातात दिलंत तर कलम ९२२(डी) खाली तुम्हीही आरोपी.

रेहाइफ खटला आठवा, २०१९ चा. विद्यार्थी व्हिसावर आलेला मुलगा, विद्यापीठाने नाव काढून टाकलं, मुक्काम बेकायदा झाला, तो फ्लोरिडातल्या रेंजवर गोळ्या झाडून आला आणि फेडरल खटल्यात अडकला. सुप्रीम कोर्टाने एवढंच म्हटलं की आपला दर्जा काय आहे हे आरोपीला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं. आता एच-वन-बी वाल्याला आपला व्हिसा माहीत नाही असं कोण मानणार?

अपवाद आहे: वैध शिकार परवाना असेल तर ही बंदी लागत नाही. न्यू जर्सीत बंदुकीने शिकारीचा परवाना हवा तर हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. वडिलांसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा त्यांना हडसनकाठी फिरवून आणा.

घरात तिजोरी घ्या आणि तिचा आकडा मेहुण्याला कळू देऊ नका. चावीची तिजोरी असेल तर चावी स्वयंपाकघरातल्या खुंटीला नको. त्याच्या हाताला सहज लागेल अशी बंदूक ही त्याच्या ताब्यातली आहे असा युक्तिवाद सरकारी वकील करू शकतो.

तुमच्याबद्दल: ग्रीन कार्डवाल्याला फेडरल कायदाही अडवत नाही आणि न्यू जर्सीही नागरिकत्व मागत नाही. पण चूक झाली तर किंमत वेगळी. इमिग्रेशन कायद्यात बंदुकीसंबंधी गुन्ह्यात दोषी ठरणं हे हद्दपारीचं स्वतंत्र कारण आहे. शेजारचा अमेरिकन नागरिक ज्या चुकीवर प्रोबेशनवर सुटेल तिथे तुमच्या दाराशी हद्दपारीची नोटीस येऊ शकते. आणि गांजा? न्यू जर्सीत तो दुकानात मिळतो, फेडरल कायद्यात नाही. गांजा घेणाऱ्याला बंदूक बाळगता येत नाही, आणि खरेदीच्या ४४७३ फॉर्मवर हा प्रश्न सरळ विचारलेला असतो.

पार्सिपनी_नेमबाज

पंतांनी पाया घातला, मी अर्जाचं सांगतो.

क्रम असा. आधी फायरआर्म्स आयडी कार्ड, ५० डॉलर. मग प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळं खरेदी परमिट, २५ डॉलर, मुदत ९० दिवस. पिस्तूल घेतल्यावर प्रशिक्षण आणि नेमबाजीची चाचणी, आणि मग कॅरी परमिटचा अर्ज, २०० डॉलर. त्यातले १५० नगरपालिकेचे, ५० राज्याचे. परमिट दोनच वर्षांचं, म्हणजे हा खर्च पुन्हा पुन्हा. निर्णय ९० दिवसांत द्यायचा असतो.

चाचणी ५० फैरींची, ८० टक्के म्हणजे ४० लागायला हव्यात. जवळच्या अंतरावर कुणी नापास होत नाही, गुण जातात ते २५ यार्डांवर. खिशात मावेल असं इवलंसं पिस्तूल घेऊन लोक जातात आणि तिथे आपटतात: नळी आखूड, नेम धरायच्या दोन खुणांमधलं (साइट्समधलं) अंतर कमी, ट्रिगर जड. मनगट जरा हललं की गोळी टार्गेटच्या बाहेर. मध्यम आकाराचं घ्या, कमरेला थोडं जड लागलं तरी चालेल.

अर्ज अडकतात ते बहुतेक दोन कारणांनी. पहिलं, ओळख देणारी चार माणसं. नातेवाईक चालत नाहीत आणि ओळख किमान तीन वर्षांची हवी. पोर्टलवरून त्यांना ईमेल जातो, तो स्पॅममध्ये पडून राहतो आणि अर्जदार इकडे ठाण्याला शिव्या घालत बसतो. चौघांना आधीच फोन करून ठेवा. दुसरं कारण खास आपलं: नावं. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, ग्रीन कार्डवर ते पहिल्या नावाला चिकटलेलं, लायसन्सवर नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं तर पहिलं नावसुद्धा वेगळं असतं. फॉर्ममध्ये "इतर नावं" असा रकाना आहे, तो रिकामा सोडू नका. जेवढी रूपं कागदावर आहेत तेवढी सगळी भरा. लपवलं असं दिसलं तर खोटी माहिती हा निराळाच गुन्हा.

आता परमिट मिळाल्यावरचे सापळे. न्यू जर्सीत १० पेक्षा जास्त काडतुसं मावणारं मॅगझीन बेकायदा. ग्लॉक १९ हे पिस्तूल इतर राज्यांत १५ च्या मॅगझीनसह मिळतं, इथे १० चंच हवं. दुसरं, हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेली गोळी. ही गोळी घरी ठेवता येते, रेंजवर नेता येते, दुकानातून घरी आणता येते, पण कमरेच्या पिस्तुलात भरून रस्त्यावर चालत नाही, परमिट असलं तरी. बाकी देशात स्वसंरक्षणासाठी हीच सुरक्षित मानतात, कारण ती शरीरात फुलते आणि सहसा आरपार जाऊन मागच्या माणसाला लागत नाही. इथे उलटा न्याय! उपाय असा की टोकाच्या पोकळीत पॉलिमर भरलेली काडतुसं येतात, हॉर्नाडी क्रिटिकल डिफेन्स हे त्यातलं नेहमीचं नाव. ती राज्य पोलीस हॉलो पॉइंट धरत नाहीत. खोक्याचा फोटो फोनमध्ये ठेवा, गस्तीवरच्या प्रत्येक पोलिसाला हा फरक माहीत असेल असं नाही.

होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, कायद्यानेच बंधनकारक आहे. कायडेक्स या कडक प्लास्टिकचं घ्या, ट्रिगर पूर्ण झाकणारं. मऊ कापडी होल्स्टरची कड आत दुमडते आणि पिस्तूल परत घालताना ट्रिगरवर दाब येतो, स्वतःच्या मांडीत गोळी जाण्याचं हे अगदी ठरलेलं कारण. गाडीत ठेवायची वेळ आली तर होल्स्टरसकट काढा, होल्स्टरसकट लॉकबॉक्समध्ये घाला. बॉक्सची केबल सीटच्या लोखंडी पट्टीला गुंडाळलेली हवी आणि बाहेरून काही दिसता कामा नये.

पोलिसांनी गाडी थांबवली तर पहिलं वाक्य परमिट आणि पिस्तुलाबद्दल. हे सांगणं न्यू जर्सीत सक्तीचं आहे. दोन्ही हात स्टीअरिंगवर. "आहे" म्हणत कमरेकडे हात नेऊ नका.

कलमबहाद्दर

मूळ प्रश्न होता की राज्य एवढं अडवू शकतं का. त्याचं उत्तर ब्रुएनने नेमकं काय पाडलं यात आहे.

२३ जून २०२२ ला सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यूयॉर्कची "योग्य कारण दाखवा" ही अट गेली. म्हणजे चारचौघांपेक्षा आपल्याला जास्त धोका आहे हे अधिकाऱ्याला पटवायची भानगड गेली. न्यू जर्सीची "जस्टिफाएबल नीड" हीही तीच अट होती, तीही त्याबरोबर गेली. त्याआधी इथे निवृत्त पोलीस आणि पैशांच्या गाड्यांचे पहारेकरी सोडले तर सामान्य माणसाला परमिट जवळपास मिळतच नव्हतं. तेव्हा फरक पडलाय, आणि मोठा पडलाय.

पण परमिट असूच नये असं कोर्टाने म्हटलेलं नाही. पार्श्वभूमी तपासणी, प्रशिक्षण वगैरे ठरीव अटींचं परमिट चालेल असंच निकालातली नववी तळटीप सांगते. त्याच तळटिपेत एक खिडकी मात्र उघडी ठेवली आहे: वाट पाहायला लावायचा काळ किंवा फी इतकी वाढली की हक्कच नाकारल्यासारखं झालं, तर त्याला आव्हान देता येईल. दोन वर्षांना २०० डॉलर, वर प्रशिक्षण, ठसे, कामाचे बुडालेले दिवस. पेन्सिल्व्हेनियात हेच परमिट पाच वर्षांचं आणि २० डॉलरला. शब्द बदलून सांगायचं तर रात्रपाळीच्या पेट्रोल पंपावरच्या माणसाला ज्याची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ते परवडत नाही.

समोरचं दार कोर्टाने उघडायला लावलं म्हणून राज्यांनी आतल्या खोल्यांना कुलपं घातली. न्यूयॉर्कने १ जुलै २०२२ ला, निकालाला जेमतेम आठवडा झाला असताना, नवा कायदा केला: १८ तासांचं प्रशिक्षण, टाइम्स स्क्वेअर बंद, सबवे बंद, उद्यानं बंद. सोशल मीडियाची खाती दाखवा अशीही अट होती, ती कोर्टात टिकली नाही. न्यू जर्सीने २२ डिसेंबर २०२२ ला त्याच धर्तीचा कायदा केला. उद्यानं, समुद्रकिनारे, ग्रंथालयं, संग्रहालयं, दारू देणारी हॉटेलं, नाट्यगृहं, कॅसिनो, दवाखाने. शिवाय परवाना घेऊन होणारे सार्वजनिक कार्यक्रम, म्हणजे आपल्या गणपतीची मिरवणूकही त्यात बसते. आणि ब्रुएनमध्येच न्यायमूर्ती थॉमस यांनी लिहून ठेवलं आहे की गर्दी आहे म्हणून सगळं मॅनहॅटन "संवेदनशील ठिकाण" ठरवता येणार नाही.

सगळ्यात चलाख कलम खासगी जागांचं. एरवी रीत अशी की दुकानदाराला नको असेल तर तो पाटी लावतो. या राज्यांनी ते उलटं केलं: मालकाने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर बंदीच. परमिट खिशात, पण औषधाच्या दुकानात पाय टाकला की गुन्हा. हवाईच्या अशाच कलमावरचा वुलफर्ड खटला सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुनावणीला घेतला. न्यू जर्सीचं खासगी जागांचं कलम आणि परमिटधारकावर लादलेला सक्तीचा विमा खालच्या कोर्टात, न्यायाधीश बंब यांच्यापुढे, २०२३ मध्येच अडवले गेले. ठिकाणांच्या यादीतला बराचसा भाग मात्र थर्ड सर्किटने, म्हणजे त्यावरच्या फेडरल अपील कोर्टाने, पुन्हा लागू होऊ दिला. व्यवहारात नियम एकच: यादीत नाव आहे ना, मग तिथे न्यायचं नाही. कुठल्या कलमाला आज स्थगिती आहे हे सकाळी बघून संध्याकाळी पिस्तूल घेऊन उद्यानात जाणारा माणूस शस्त्रहक्काच्या चळवळीच्या काही कामाचा नाही.

बे_एरिया_बाळू

विषय सोडून बोलत नाही, पण एक बाजू राहतेय. घरात बंदूक ठेवायचा हक्क मान्य करणाऱ्या हेलर निकालातच, २००८ मध्ये, न्यायमूर्ती स्कालिया यांनी शाळा आणि सरकारी इमारतींमधली बंदी गृहीत धरलेली आहे. ब्रुएनमध्ये कायदेमंडळ, मतदान केंद्र आणि कोर्ट यांची भर पडली. २०२४ च्या रहीमी निकालात आठ विरुद्ध एक मतांनी हेही ठरलं की राज्याला अठराव्या शतकातला हुबेहूब जुळा कायदा शोधायची गरज नाही, तत्त्व जुळलं तरी पुरे. मग उद्यानं, दवाखाने यांना तेच तत्त्व का लागू नये? प्रत्येक बंधनाला "हक्कावर घाला" म्हटलं की खऱ्या जाचक कलमांचा मुद्दा बोथट होतो.

कलमबहाद्दर

शेवटच्या वाक्याशी सहमत. शाळा, कोर्ट, मतदान केंद्र यांवर भांडण नाहीच.

पण तत्त्व कुठलं ते बघा. कोर्टात शिरताना मेटल डिटेक्टर असतो, आत हत्यारबंद शिपाई असतो. तिथे राज्य तुमचं हत्यार काढून घेतं आणि तुमच्या रक्षणाची जबाबदारी स्वतः उचलतं. उद्यानात कोण असतं? ग्रंथालयाच्या दारात? तिथे राज्य हत्यार काढून घेतं आणि हात झटकतं. आव्हान देणाऱ्यांचा हा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे, आणि तो प्रत्येक ठिकाणाला वेगवेगळा लावता येतो. विमानतळाच्या तपासणीपलीकडच्या भागात बंदी टिकेल, पार्किंगमध्ये टिकू नये.

आता "आपण काय करू शकतो". अर्ज नाकारला तर लेखी कारण मागा. "बंदूक सोपवण्याजोगा स्वभाव नाही" अशा मोघम शब्दांत नकार येतो, ही अट ब्रुएननंतर अधिकाऱ्यांच्या हातातली पळवाट झाली आहे. ३० दिवसांत सुपीरियर कोर्टात सुनावणी मागायची. तिथे नकार योग्य होता हे दाखवायचं ओझं पोलीसप्रमुखावर असतं, तुमच्यावर नाही. मुदत गेली की हा फायदाही गेला, म्हणून नकाराच्या पत्राचं पाकीट पोस्टाच्या शिक्क्यासकट जपून ठेवा.

फीसाठी ट्रेंटनपर्यंत, म्हणजे राज्याच्या राजधानीपर्यंत, जायची गरज नाही. १५० डॉलर नगरपालिकेचे आहेत, आणि २०२५ मध्ये राज्यातल्या काही छोट्या नगरपालिकांनी ठराव करून आपला वाटा अर्जदाराला परत द्यायला सुरुवात केली. कौन्सिलच्या सभेत नागरिकांना बोलायला काही मिनिटं मिळतात. इतर गावांच्या ठरावाची प्रत घेऊन दहा जण गेले तर विषय अजेंड्यावर येतो. आपली माणसं त्या सभेला शाळेचा प्रश्न असला तरच जातात, ही खंत आहे.

खटले असोसिएशन ऑफ न्यू जर्सी रायफल अँड पिस्टल क्लब्ज आणि सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन यांसारख्या संस्था लढवतात. सदस्य व्हा, आणि तुमचा अर्ज सहा महिने लटकला असेल तर तारीखवार कागद त्यांना द्या. वादी म्हणून त्यांना स्वच्छ माणूस लागतो: परमिटधारक, गुन्हा नाही, "अमुक ठिकाणी मला जायचंय पण कायद्यामुळे हत्यार नेता येत नाही" असं प्रतिज्ञापत्र देणारा. पकडलं गेल्यावर राज्यघटना आठवणारा लागत नाही.

न्यू जर्सीच्या घटनेत शस्त्राच्या हक्काचं कलमच नाही, हेही ध्यानात ठेवा. पेन्सिल्व्हेनियाच्या घटनेत पहिल्या प्रकरणात कलम २१ आहे, शिवाय गावांनी-शहरांनी बंदुकीचे वेगळे नियम करू नयेत असा राज्याचा कायदा आहे, म्हणून तिथे फिलाडेल्फियाने स्वतःचे नियम केले की राज्याच्याच कोर्टात अडवता येतात. इथे फेडरल घटनेची दुसरी दुरुस्ती एवढाच आधार, म्हणून इथली सगळी लढाई फेडरल कोर्टात जाते.

डेलावेअर_पार

फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कचं कुणी सांगितलं नाही.

न्यू जर्सी कुठल्याच राज्याचं परमिट मानत नाही आणि पेन्सिल्व्हेनिया न्यू जर्सीचं मानत नाही. पूल ओलांडून गाडीबाहेर पाय ठेवला की तुमचं परमिट म्हणजे नुसता कागद. पेन्सिल्व्हेनियात गाडीतसुद्धा भरलेलं पिस्तूल परवान्याशिवाय चालत नाही; दुसऱ्या राज्याच्या परमिटला सूट आहे ती फक्त गाडीत असेपर्यंत. बाहेरच्या राज्याच्या माणसाला तिथलं लायसन्स मिळतं, अट एवढीच की आपल्या राज्याचं आधी हवं. शेरीफकडे स्वतः जावं लागतं, आणि सगळे काउंटी बाहेरच्यांचे अर्ज सारख्याच उत्साहाने घेत नाहीत, म्हणून फोन करून जा. ते लायसन्स झालं तरी तिकडे हॉलो पॉइंट भरून परत येऊ नका. ती गोळी पुलाच्या अलीकडे गुन्हा आहे. दोन्हीकडे पॉलिमर टोकाचीच वापरा.

न्यूयॉर्कला नेऊच नका. तिथे वेगळं परमिट, आणि शहराचं त्याहून वेगळं.

उलट दिशेचं उदाहरण सगळ्यांना माहीत असावं. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक आई, तिकडचं परमिट असलेली, अटलांटिक सिटीच्या रस्त्यावर पोलिसांनी थांबवलं तेव्हा आपणहून म्हणाली की पिस्तूल आहे. न्यू जर्सीत हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा, ग्रेव्हज कायद्याने किमान साडेतीन वर्षं आत. शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस्ती यांनी माफी दिली. माफीच्या भरवशावर कुणी पूल ओलांडत नाही.

"फेडरल कायद्याने बंद पेटीत कुठूनही नेता येतं" हे अर्धसत्य आहे. १९८६ च्या कायद्याचं कलम ९२६ए तेव्हाच वाचवतं जेव्हा निघायच्या आणि पोचायच्या दोन्ही ठिकाणी तुम्हाला ते बाळगणं कायदेशीर आहे, पिस्तूल रिकामं आहे आणि ते किंवा काडतुसं हाताशी नाहीत. डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी, ग्लव्ह बॉक्स चालत नाही. आणि मधे थांबलात की गोष्ट बदलते. युटाहचा एक प्रवासी नेवार्कला उतरून ॲलनटाउनला जाणार होता. पुढची बस चुकली, बॅग घेऊन रात्री हॉटेलात राहिला, सकाळी विमानतळावर नियमाप्रमाणे पिस्तूल आहे असं सांगितलं आणि अटक झाली. चार दिवस कोठडी. आरोप मागे घेतले गेले, पण त्याने भरपाईसाठी केलेला दावा थर्ड सर्किटने २०१० मध्ये फेटाळला: रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती, म्हणून कलमाचं संरक्षण नाही. हा निकाल न्यू जर्सीतल्या फेडरल कोर्टांवर बंधनकारक आहे. नेवार्कवरून विमानाने पिस्तूल न्यायचं असेल तर घरातून थेट काउंटर, मधे मित्राकडे मुक्काम वगैरे नाही.

एडिसनचा_दुकानदार

सगळ्यांचे आभार. वडिलांचा रेंजचा बेत रद्द. एक शेवटचं: डिसेंबरात मुंबईला जायचंय, पिस्तूल अर्थातच इथेच. आणखी काही बघायचं का?

पार्सिपनी_नेमबाज

बॅग बघा. रेंजला नेलेली बॅग विमानप्रवासाला कधीच वापरायची नाही, त्यासाठी वेगळी घ्या, वेगळ्या रंगाची. एक सुटं काडतूस अस्तराच्या शिवणीत गेलं की हाताला लागत नाही, आणि इकडच्या तपासणीतून सुटलेलं परतीच्या वेळी मुंबईच्या स्कॅनरमध्ये दिसतं. तिथे १९५९ चा शस्त्र कायदा, कलम २५. पोलीस ठाणं, जामीन, पासपोर्ट अडकलेला, सुट्टी संपलेली.

आपल्या सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात म्हटलं आहे की ताबा जाणीवपूर्वक हवा. त्या आधारावर हायकोर्टं असे गुन्हे रद्दही करतात. पण तोवर महिने जातात आणि वकिलाची फी तुमच्याच खिशातून. रेंजवर घातलेल्या जॅकेटचे खिसे उलटे करून झाडा, आतला चोरखिसाही. मुलांच्या सॅकमध्ये कुणी शोभेची म्हणून रिकामी पुंगळी टाकली नाही ना, तेही निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या.